स्क्रू निघतात, पुढचं काय?

एकांनी विचारलंय, की निन्टेन्डोच्या स्विच २ या गेम कन्सोलचे स्क्रू तर निघतात, मग आयफिक्सिटने (उपकरणं उघडून ती दुरुस्त करायला किती सोपी हे तपासणारी साइट) १० पैकी ३ च गुण का दिले? अहो, स्क्रू हा त्यातला सोपा भाग. (तेही तीन पाकळ्यांचे, आणि काही चिकटवलेल्या पट्टीखाली दडवलेले.)

खरी गोम आत आहे. बॅटरी चांगल्या दणकट गोंदाने चिकटवलीय. ती घाईने उचकटली की वाकते, आणि वाकलेली लिथियम बॅटरी परत वापरायची नसते. २०१७ च्या स्विचमध्ये स्टोरेज निदान वेगळ्या छोट्या बोर्डावर होतं. आता २५६ जीबी थेट मदरबोर्डवर सोल्डर. चार्जिंगचे यूएसबी-सी पोर्टही तसेच. रोजच्या वापराने सैल होणारा भाग नेमका तोच, आणि तोच बदलायला हॉट एअर गन (गरम हवेने सोल्डर वितळवणारं हत्यार) लागणार! हेडफोन जॅक मात्र सुटा निघतो. उपकारच म्हणायचे.

जॉय-कॉनच्या (स्विचच्या बाजूला लागणाऱ्या कंट्रोलरच्या) स्टिकमध्ये अजूनही पोटेन्शिओमीटरच आहे, म्हणजे पट्टीवर घासत सरकणारा सेन्सर. आतली पट्टी घासून झिजली, की हात न लावता गेममधलं पात्र चालू लागतं. स्टीम डेक या दुसऱ्या हातातल्या गेम कन्सोलची स्टिकही झिजणारीच, पण तीन स्क्रू आणि एक रिबन केबल काढली की बाहेर येते, आणि सुटी विकतही मिळते. या दोघांच्या गुणांतला फरक इथून येतो.

बाकी युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता यावी असा नियम लागू होतोय. बघू, तोवर हा गोंद किती पातळ होतो.