खिशातली कमांड-वही टूलनुसार लावू की टप्प्यानुसार?

मदत हवी आहे. पुढच्या महिन्यात एका बंदिस्त नेटवर्कचं पेनटेस्टिंग (परवानगीने हल्ला करून सुरक्षा तपासणं) आहे. लेखी परवानगी, स्कोप (काय तपासायचं त्याची हद्द) सगळं झालंय, त्याची काळजी नको. अडचण अशी की आत फोन नाही, इंटरनेट नाही. कागद तेवढा नेता येतो.

हाताशी एक छापील पुस्तिका आहे, पण जुनी. एनमॅप या नेटवर्क स्कॅनरचा पिंग स्कॅन (कोणती यंत्रं चालू आहेत ते पाहण्याचा पर्याय) तिच्यात अजून 'मायनस एसपी' आहे. तो कधीच 'मायनस एसएन' झाला. आयएफकॉन्फिग, नेटस्टॅट या लिनक्सच्या जुन्या कमांड आहेत, पण त्यांच्या जागी आलेल्या आयपी आणि एसएस नाहीत. नेटकॅट या जोडणीच्या टूलचा 'मायनस ई' (जोडणी झाल्यावर प्रोग्राम चालवणारा पर्याय) तर ओपनबीएसडीच्या आवृत्तीत चालतच नाही, आणि हे कळतं नेमकं तिथे बसल्यावर! मॅन पेजेस (कमांडची माहितीपानं) लॅपटॉपवर आहेत, पण एका पर्यायासाठी किती खाली सरकायचं?

म्हणून स्वतःची वही केली, ए६ आकाराची, ४० पानी. आधी टूलनुसार लावली. सराव करताना जाणवलं की घाईत टूलचं नाव सुचत नाही, काय करायचंय ते सुचतं. मग कामाच्या टप्प्यानुसार लावली, तर एसएसएच टनेलिंग (एसएसएचच्या जोडणीतून दुसरी जोडणी नेणं) तीन ठिकाणी आलं. एका पानावर टनेलची दिशा ठरवणाऱ्या 'मायनस एल' आणि 'मायनस आर'ची अदलाबदल झाली होती ती सुधारली, दुसऱ्या पानावर चूक तशीच राहिली.

पानं वाढवायची नाहीत, लिनक्स आणि विंडोज दोन्ही हवेत. एक्सेल नको, छापून शिवायचंय. अशी वही प्रत्यक्ष कामावर वापरलेल्यांनी सांगा: टप्प्यानुसारच ठेवून सामायिक कमांड शेवटी एकदाच द्यायच्या आणि बाकी ठिकाणी नुसता पानक्रमांक टाकायचा, हे घाईत जमतं का?