चर्चा धागा: रॉबर्टला सातवर पाठवून सॉक्स जिंकणार होते म्हणे

नेपरव्हिलकर
काल बंड्याभाऊंनी इथे लिहिलं की २०२४ ला आपले शिकागोचे व्हाइट सॉक्स (बेसबॉल) १६२ पैकी १२१ मॅच हरले ते बॅटिंग ऑर्डर चुकल्यामुळे. मुख्य बॅटर लुईस रॉबर्टला सातव्या नंबरवर पाठवायचं, डोक्यावरचं ओझं उतरवायचं, वर एखादा पळणारा, बंट करणारा (बॉल नुसता टेकवून पळणारा) टाकायचा, की तीसेक मॅच वाचल्या असत्या. तीस! रात्रीचा दीड वाजलाय आणि मी हे टाइप करतोय, यावरूनच समजा.

अहो, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? अख्ख्या सीझनला ५०७ रन, म्हणजे मॅचला तीनच्या जरा वर, बाकी टीमा चार-साडेचार काढतात. बॅटिंग ॲव्हरेज .२२१, म्हणजे हजारात २२१ हिट. ही नऊ माणसं उंचीप्रमाणे लावा नाहीतर राशीप्रमाणे.

ऑर्डर म्हणजे कोणाला किती वेळा बॅट मिळणार याची वाटणी, बस. एक नंबर खाली गेला की वर्षाला सतरा-अठरा वेळा बॅटिंग कमी, पहिल्या आणि नवव्यात दीडशेच्या आसपास फरक. २०२३ ला ३८ होमरन मारलेल्या माणसाला दोनवरून सातवर ढकललं की त्याच्या पंच्याऐंशी बॅटिंग गेल्या. त्या कोणाला देताय? निकी लोपेझसारख्या कमकुवत बॅटरला? चांगल्यातली चांगली ऑर्डर आणि नेहमीची बरी ऑर्डर यात वर्षाला दहा-पंधरा रनचा फरक पडतो, हे हिशोबवाल्यांनी कधीच काढून ठेवलंय. दहा रनला ढोबळ एक मॅच. म्हणजे १२१ चे १२०, फार तर ११९. वाटा पेढे.

ब्रिजपोर्टचा_बंड्या
वाटतोच पेढे. सर, १९६२ चे न्यूयॉर्क मेट्स किती हरले होते? १२०, तोवरचा आधुनिक काळातला विक्रम. म्हणजे तुमच्याच हिशोबाने ऑर्डर नीट लावली असती तर तो कलंक एकट्या आपल्या कपाळी लागला नसता, आणि तुम्ही म्हणताय काही फरक पडत नाही!

आणि ३८ होमरन २०२३ चे. २०२४ ला काय? दोन महिने हिपच्या दुखापतीने बाहेर, शंभर मॅच खेळला, .२२४, होमरन १४. फॉर्म गेलेल्या माणसाला काय वाटतं ते एक्सेलमध्ये दिसत नाही. मी जळगावला शाळेत सॉफ्टबॉल खेळलोय. जिल्हा स्पर्धेत चौथ्या नंबरवर होतो, सलग तीन मॅच काही लागेना, बॅट धरली की हाताला घाम. सरांनी काही न बोलता आठवर टाकलं. आठवर आलो की समोरचा पिचर ढिला, आपणही ढिले. पुढच्याच मॅचला दोन रनर घरात आणले. हे कुठल्या कॉलममध्ये बसवता?

नेपरव्हिलकर
आठवर पिचर ढिला असतो हे जळगावला. इथे आठव्यालाही १५८ किलोमीटरनेच पडतो.

दादर_ते_डेट्रॉइट
तुमच्या घरच्या भांडणात पडत नाही, पण १२१ वी हार आमच्याकडेच, डेट्रॉइट टायगर्सशी झाली, २७ सप्टेंबरला. ४-१. त्याच रात्री टायगर्स २०१४ नंतर पहिल्यांदा प्लेऑफला गेले, त्यामुळे आभारी आहोत.

ऑर्डरचं म्हणाल तर आमच्याच टीमचा किस्सा आहे. १९७२ च्या ऑगस्टमध्ये टायगर्स ओळीने हरत होते, तर मॅनेजर बिली मार्टिनने नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकल्या आणि निघतील तशी ऑर्डर लावली. नॉर्म कॅश, चांगला दणकट होमरनवाला, पहिला आला. मॅच ३-२ जिंकले.

पण नेपरव्हिलकर, ऑर्डरने फरक पडत नाही हे मुंबईच्या माणसाने म्हणू नये. २७ मार्च १९९४, ऑकलंड. सिद्धूची मान धरली म्हणून सचिन ओपनला गेला, ४९ बॉलमध्ये ८२. पुढे काय झालं ते सांगायला नको.

ब्रिजपोर्टचा_बंड्या
हेच! आणि २००७ ला त्याच माणसाला कोच चॅपेलने चारवर ढकललं. वर्ल्ड कपला बांगलादेशशी ७, बर्म्युडाशी नाबाद ५७, आणि श्रीलंकेशी ०. पहिल्याच राउंडला घरी.

पुणेरी_पिंच_हिटर
कृपया. बांगलादेशशी १९१ ला गुंडाळले, त्यात एकट्या गांगुलीचे ६६. सचिन ओपनला आला असता तर गांगुली कुठे पाठवला असतात, रिझर्व्हेशन करून? चॅपेलवर सगळं ढकललं की बाकीच्या दहा जणांना सुट्टी, ही आपली जुनी सवय.

ब्रिजपोर्टचा_बंड्या
तुम्ही चॅपेलची बाजू घेताय? या धाग्यावर? मराठीत?

पुणेरी_पिंच_हिटर
मी १९१ ची बाजू घेतोय. स्कोअरकार्ड मराठीत वाचलं तरी १९१ च दिसतात.

दादर_ते_डेट्रॉइट
त्या वर्ल्ड कपसाठी मी नवीन डिश बसवून घेतली होती हो. पाहुणे बोलावलेले, बायकोने बटाटेवडे तळलेले. गांगुली गेल्यावर कोणी चटणीसुद्धा मागितली नाही. चॅपेलचं नाव काढलं की मला अजून त्या तेलाचा वास येतो.

नेपरव्हिलकर
अरे धागा कशाचा आहे! क्रिकेटमध्ये ओपनरला नवा बॉल असतो, फील्ड वेगळी असते, आणि आउट झाला की संपला. इथे आउट झालेला तासाभरात परत बॅट घेऊन येतो, नवव्यानंतर पुन्हा पहिला, आणि बॉल तर जरा माती लागली की बदलतात. लीडऑफ, म्हणजे पहिला बॅटर, हे नावापुरतं पहिल्या इनिंगला. फिलीजचा श्वार्बर बघा, २०२३ ला ॲव्हरेज .१९७, तरी लीडऑफ, कारण १२६ वॉक (चार बाहेरच्या बॉलवर फुकट बेस) आणि ४७ होमरन. पळतो म्हणाल तर आमच्या सोसायटीचा वॉचमन जास्त पळायचा. तुमच्या व्याख्येत तो सातवर गेला असता.

आणि नव्या ऑर्डरचा प्रयोग झालाय ना! २०२४ च्या ८ ऑगस्टला मॅनेजर ग्रिफोलला काढलं, तेव्हा २८ जिंकले, ८९ हरले. त्याच्या जागी साइझमोर आला. पुढे १३-३२. काय दिवे लागले?

ब्रिजपोर्टचा_बंड्या
शंभरात चोवीस जिंकत होते ते एकोणतीस झाले. पिचर फिडीला आणि बॅटर टॉमी फामला जुलैमध्येच विकून टाकल्यावरसुद्धा. तुमच्याच आकड्यांनी सुधारणा दिसतेय. पण तुमचे आकडे तुम्हाला हवे तेव्हाच बोलतात.

नेपरव्हिलकर
ग्रिफोलच्या शेवटी ओळीने एकवीस हरल्यावर माणूस जिन्यावरून पडला तरी त्याला सुधारणाच म्हणतात. पण ठीक आहे, पाच टक्के तुमचे. फ्रेम करून लावा.

कांदेपोहे_ब्लीचर्समध्ये
शेवटच्या होम सिरीजला आम्ही सहकुटुंब गेलो होतो, एंजल्सशी. १२० हारी झाल्या होत्या, म्हटलं १२१ वी, इतिहास बघू. पब्लिक मालकाच्या नावाने 'टीम विका' ओरडत होतं. आणि तिन्ही मॅच जिंकले! धाकटा गाडीत रडला, एक रेकॉर्ड बघू दिला नाही म्हणून. मला विचाराल तर ऑर्डर वगैरे सोडा, आपल्या बेनिनटेंडी या बॅटरचा पाच वर्षांचा ७५ मिलियनचा करार हाच या मालकाच्या काळातला सगळ्यात मोठा, आणि त्याने २० होमरन मारले तरी ॲव्हरेज .२२९. पैसा न टाकता नऊ माणसं फिरवत बसायचं म्हणजे पाहुणे दहा आणि भाजी चार जणांची, वाढायला कोणापासून सुरुवात करायची यावर वाद.

ऑरोराची_मावशी
मी सहसा लिहीत नाही पण आज लिहितेच. नेपरव्हिलकर, एक नंबर खाली गेला की सतरा-अठरा बॅटिंग जातात हे तुम्हाला पाठ आहे तर. मग गेल्या वर्षी पोरांच्या लीगमध्ये कोच तुम्हीच होतात ना? आमचा अख्खा सीझन नववा आणि तुमचे चिरंजीव दर शनिवारी पहिले. चार मॅच अशा झाल्या की आमचा डोळ्यांवर घसरणारं हेल्मेट सावरत, पुढचा नंबर आपला म्हणून बॅट फिरवत उभा, आणि समोर तिसरा आउट. मॅच खलास. तो हेल्मेट न काढता गाडीत येऊन बसायचा. मी काही बोलले नाही, म्हटलं ऑर्डरने काय फरक पडतो.

ब्रिजपोर्टचा_बंड्या
😶

पुणेरी_पिंच_हिटर
मी चॅपेलवरचा माझा मुद्दा मागे घेतो. खरा चॅपेल नेपरव्हिलला राहतो.

नेपरव्हिलकर
मावशी, तो वॉक खूप घ्यायचा हो, म्हणून पहिला. तिसऱ्या ग्रेडच्या पिचरकडून वॉक सगळीच पोरं घेतात, हे लिहिता लिहिताच लक्षात आलं. बरं. चुकलं. त्यात तो घरी हट्ट करायचा, आणि शनिवारी सकाळी सात वाजता कोणाशी वाद घालणार. येत्या शनिवारपासून बिली मार्टिनसारखं करतो, टोपीत चिठ्ठ्या.

ऑरोराची_मावशी
चिठ्ठ्या घरून मी करून आणते. टोपी तुमची चालेल.