शब्दचर्चा: बंद कम्प्युटर वीज ‘ओढतो’ की ‘खातो’?

दादर_पश्चिम: सोसायटीत ज्येष्ठांसाठी कम्प्युटरचा वर्ग चालतो. त्यांच्यासाठी एक पानी सूचना मराठीत करतोय. मजकूर साधा: ‘कम्प्युटर बंद असतानाही यूएसबीला लावलेल्या वस्तू वीज ओढत राहतात. ते असं थांबवा.’ वाचून दाखवलं तर एक काका म्हणाले, “ओढतात तर बंद कसा? बंद आहे तर ओढतात कशा?” शेजारच्या काकूंचं भलतंच, “ओढतात ती विडी. वीज खातात.” आता काय लिहू?

परळकर: खातात. आमच्याकडे फ्रिज लाइट खातो, गिझर लाइट खातो. वीज फक्त आकाशात.

पूर्वा_ठाणे: विद्युत्, मग प्राकृतातलं विज्जु, मग वीज. इतका घरचा शब्द आकाशात कशाला टांगायचा? परका आहे तो ‘बंद’, फारसीतला. दिवा मालवतो तसा कम्प्युटर मालवावा.

परळकर: ताई, मालवला म्हटलं की लोक विचारतील, कुठल्या हॉस्पिटलात? आणि ‘बंद’मध्ये एवढं अडतंय काय? मुंबई बंद असते तेव्हाही दूधवाला येतोच.

जुना_वायरमन: शब्द नंतर, आधी वस्तू बघा. डेस्कटॉप शटडाउन केला तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर आतला सप्लाय जागा असतो. मदरबोर्डाकडे, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीकडे, जाणाऱ्या तारांच्या जुडग्यात एक जांभळी तार असते, ती पाच व्होल्ट देतच राहते. कीबोर्डवरून किंवा नेटवर्कवरून मशीन उठवता यावं म्हणून ही सोय. पुष्कळ बोर्ड त्यातूनच यूएसबीलाही पाजतात. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगांत, ‘ईआरपी’ हा पर्याय असेल तर तो एनेबल करा, बहुतेक पोर्ट गप्प होतात. मग कीबोर्डने मशीन उठणार नाही, एवढं काकांना सांगून ठेवा. ‘ईआरपी’ हे नाव ऊर्जेशी संबंधित वस्तूंबद्दलच्या युरोपच्या 2009च्या निर्देशावरून पडलंय. घर-ऑफिसातल्या बंद यंत्राने अर्ध्या वॅटच्या वर जाऊ नये, असा तिथे 2013पासून नियम आहे. काही लॅपटॉपांत बंद असताना चार्जिंग द्यायचा वेगळा पर्याय असतो, तो काढून टाकायचा. नाहीतर भिंतीवरचं बटण आहेच.

परळकर: ‘पाजतात’! म्हणजे ओढणे, खाणे, आता पिणे. पण लाइट बिलात किती फरक पडतो?

जुना_वायरमन: पाच वॅट धरा. महिन्याला साडेतीन युनिटच्या आसपास.

गिरगावातला: बिलाचं सोडा, झोपेचं बोला. दहा बाय बाराची खोली, माउस उताणा राहिला की पोटमाळ्याच्या फळीवर लाल डाग. मी त्यावर पंचा टाकून झोपतो. बाबा म्हणतात, “मशीन मेलं नाही, पेंगतंय.” पेंगणे लिहा.

देवगडची_नात: पेंगणारा माणूस कामाचा नसतो. आमची आजी रात्री चूल विझवायची नाही. निखारे एका कोपऱ्यात लोटायची, वर राख सारायची. सकाळी दोन फुंकरीत जाळ. याला ती ‘विस्तव राखून ठेवणे’ म्हणायची. जांभळ्या तारेचं काम तेच नाही का? चालूही नाही, बंदही नाही, राखलेला. राखेवरूनच तर ‘राखणे’ आलं.

पूर्वा_ठाणे: अजिबात नाही. राखणे ‘रक्ष्’वरून. राखेचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

देवगडची_नात: मग रक्षाविसर्जनात पाण्यात काय सोडतात?

पूर्वा_ठाणे: ती ‘रक्षा’ वेगळी.

देवगडची_नात: वेगळी कशी? राख विस्तवाला राखते म्हणूनच ती रक्षा.

पूर्वा_ठाणे: हे ऐकायला गोड आहे म्हणून खरं ठरत नाही.

गिरगावातला: दोघींनी पंचा टाकून झोपा आता.

दादर_पश्चिम: मंडळी, पानं कालच छापून घेतली. ओढणे, खाणे, बंद, सगळं टाळलं. शेवटी एवढंच ठेवलं: ‘घरी जाताना भिंतीवरचा खटका पाडावा.’

पूर्वा_ठाणे: खटका! छान. खट आवाज होतो म्हणून खटका.

जुना_वायरमन: अहो, पण आपल्याकडे बटण खाली पाडलं की चालू होतं. वर केलं की बंद.

परळकर: आमच्याकडे ‘फ्यूज पाडला’ म्हणजे बंद.

जुना_वायरमन: फ्यूज उडतो. पडतो तो एमसीबी.

दादर_पश्चिम: चाळीस पानं छापलीत हो.