सिट्रीन म्हणून दाखवलेले दोन खडे: कोणता घ्यावा? (मदत हवी आहे)

सोनसळी: आईच्या दागिन्यासाठी पिवळा खडा हवा आहे. पुष्कराज (पिवळा नीलम) आवाक्याबाहेर असल्यामुळे सिट्रीन, म्हणजे क्वार्ट्झ या खनिजाचा पिवळा प्रकार, पाहिले. एक खडा फिकट आणि किंचित धुरकट आहे, तर दुसरा गडद नारिंगी असून हलवला की त्यात तांबूस झाक दिसते. दोन्ही सिट्रीनच असतील, तर रंगात एवढा फरक का? उद्याच खडा कारागिराकडे द्यायचा आहे.

कोंदण: दागिना कोणता, हे आपण लिहिलेच नाही. अंगठी आहे की कर्णफुले, आणि ती रोज वापरायची आहेत का?

गारगोटी: नारिंगी खडा घेऊ नका. तो बहुधा मुळात जांभळा क्वार्ट्झ म्हणजे अ‍ॅमेथिस्ट असून साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला तापवून पिवळा केलेला असतो. नैसर्गिक सिट्रीन बहुतेक वेळा आपल्या पहिल्या खड्यासारखेच फिकट असते.

कोंदण: तापवलेला म्हणजे नकली नव्हे. अ‍ॅमेथिस्टमधल्या लोहाचाच रंग उष्णतेने पालटतो, खडा क्वार्ट्झच राहतो. बाजारातले बहुतेक सिट्रीन असेच असते.

गारगोटी: मान्य, परंतु तापवलेला खडा नैसर्गिक म्हणून विकणे ही फसवणूकच आहे, आणि ती मी स्वतः सोसली आहे.

पीतांबर: गुरूसाठी सिट्रीन तर्जनीत, गुरुवारी धारण करावे.

सोनसळी: ग्रहांचा विचार नाही, आईला रंग आवडतो एवढेच. अंगठी करायची आहे आणि ती रोज घालणार आहे.

तोलकाटा: मग आधी खडा काचेचा नाही, याची खात्री करून घ्या. दहापट भिंगातून गोल बुडबुडे दिसले, तर काचेचाच संशय घ्यावा. सुटा खडा हवेत आणि दोऱ्याने पाण्यात टांगून तोलता येतो: हवेत ५.३० कॅरट भरणारा क्वार्ट्झ पाण्यात ३.३० भरतो, कारण त्याची घनता २.६५ आहे. काही काचांची घनताही याच्या जवळपास असते, म्हणून दोन्ही कसोट्या लावा.

कोंदण: रोजच्या अंगठीत कोंदणाला अधिक महत्त्व आहे. मोस श्रेणीत (१ ते १०) क्वार्ट्झचा कठीणपणा ७ आहे, पुष्कराजाचा ९; धुळीतही क्वार्ट्झचे कण असतात, त्यामुळे पैलूंच्या धारा हळूहळू बोथट होतात. खड्याची कड झाकणारे बंद कोंदण करून घ्या. खडा छापील कागदावर सुलटा ठेवून वरून पाहा. मधून अक्षरे स्पष्ट वाचता आली, तर पैलू उथळ आहेत आणि प्रकाश खालून निसटतो. माझ्या मते या कसोटीला उतरेल तो खडा घ्यावा, मग तो फिकट असो वा नारिंगी.

सोनसळी: फिकट खड्यातून अक्षरे वाचता येतात, नारिंगीतून नाहीत. भिंग आज संध्याकाळी मिळेल.