कॅमेऱ्याच्या लेन्सवर लावायचे जुने फिल्टर सरळ नळाखाली धुवावेत का?

कृष्णाकाठ (सांगली): २०१९ च्या महापुरात गावभागातल्या एका स्टुडिओत पाणी शिरलं होतं. तिथला फिल्टरांचा डबा आता माझ्याकडे आलाय. ५२ आणि ५८ मिमीचे यूव्ही (अतिनील किरण अडवणारे), पिवळा, नारिंगी, लाल आणि एक पोलरायझर (चकाकी कापणारा). काचांवर गाळ वाळून बसलाय. माझं मत सरळ आहे: अखंड काचेच्या फिल्टरला भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब आणि नळाचं पाणी पुरतं. त्यासाठी लेन्स क्लीनरची इवलीशी बाटली कशाला? ज्यांना भीती वाटते त्यांनी सांगावं, नेमकी कशाची.

रोलवाला: कोटिंगची, दुसरं काय. बिनकोटिंगच्या काचेच्या एकेका बाजूनं साधारण ४ टक्के उजेड माघारी फिरतो, तो कमी करायला कोटिंग असतं. पुराचा गाळ म्हणजे बारीक वाळूच. तुम्ही लिक्विड लावून बोट फिरवणार आणि केसागत ओरखडे पाडणार. धुळीचे चार कण फोटोत दिसत नाहीत, फिल्टर फोकसच्या पार बाहेर असतो. ओरखडे मात्र सूर्य समोर आला की सगळं चित्र पांढुरकं करतात. त्यापेक्षा मळका राहू द्या.

कृष्णाकाठ: अहो, बोट आधी फिरवायचंच नाही! रबरी ब्लोअरनं सुटं उडवा, मग साध्या पाण्यात भिजत ठेवा. गाळ आपोआप सुटतो. धारेखाली वाहून गेल्यावरच लिक्विड. ओरखडे पडतात ते कोरड्या रुमालानं पुसणाऱ्यांचे.

कास_सातारा: कृष्णाकाठशी सहमत. फुलांच्या हंगामात कासला भुरभुर चालूच असते आणि कितीही जपा, काचेवर बोटं उमटतातच. तेलकट डाग ब्लोअरनं जात नाही. पण बोअरच्या पाण्यानं शेवट करू नका. थेंब वाळले की क्षाराची पांढरी वर्तुळं राहतात. गॅरेजमधून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर आणा, शेवटची धुणी त्याची. मागताना नीट सांगा, नाहीतर अ‍ॅसिड हातात देतील.

हळदपेठ: एवढा कुटाणा कशाला? यूव्ही म्हणजे लेन्सचं हेल्मेट. डिजिटलवर त्याचा दुसरा उपयोग नाही. टाका आणि नवा घ्या. पिवळा-लालचं काम तर संगणकात होतं.

रोलवाला: फिल्मचा रोल वापरणाऱ्याला संगणक काय कामाचा? ब्लॅक अँड व्हाइटमध्ये आभाळ काळवंडून ढग उठून येतात ते लाल फिल्टरनं, शटर दाबतानाच. अशा जाड काचा टाकून द्यायला सांगताय, कमाल आहे! आणि कृष्णाकाठ, धारेखाली धुवायचं तुमचं पटतंय असं समजू नका. आधी फिल्टर ट्यूबलाइटखाली तिरका धरा. प्रतिबिंब हिरवट-जांभळं आलं तर कोटिंग आहे, त्याला हात लावताना दहादा विचार करा. पांढरं फटक आलं तर खुशाल घासा.

आयपीए_वापरा: पाणी नकोच. मोबाईल रिपेअरवाले वापरतात तो आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. दोन थेंब मायक्रोफायबरवर, फिल्टरवर थेट नाही. कोविडातलं उरलेलं सॅनिटायझर मात्र चालवू नका, बहुतेकांत ग्लिसरीन असतं, काचेवर पापुद्रा राहतो. टूथपेस्टचे व्हिडिओ बघणाऱ्यांना तर लांबूनच नमस्कार.

कास_सातारा: अल्कोहोल बोटांच्या डागाला ठीक. वाळलेल्या गाळावर त्यानं पुसलंत तर रोलवाला म्हणतात तेच होणार.

रोलवाला: आणि पोलरायझर? त्याबद्दल कुणी बोलेना.

कृष्णाकाठ: म्हणून तर वर अखंड काच म्हटलं. पोलरायझरमध्ये दोन काचांच्या मधे पातळ फिल्म चिकटवलेली असते. कडेनं पाणी किंवा अल्कोहोल शिरलं की थर सुटतात. तो ओलसर कापडानंच टिपायचा, भिजवायचा नाही.

रोलवाला: पुरात भिजला तो भिजलाच की! कडेला इंद्रधनुषी डाग आलेत का ते आधी बघा. आले असतील तर पुसण्यात वेळ घालवू नका. बाकीच्या काचा मागून टॉर्च मारून तपासा. कोळिष्टकासारखे धागे दिसले तर ती बुरशी. वरची निघते, पण तिच्या आम्लानं कोटिंग खाल्लं असेल तर ती नक्षी कुठल्याच लिक्विडनं जात नाही.

हळदपेठ: मग लाल फिल्टर कितीला देताय?

कृष्णाकाठ: आत्ता तर टाका म्हणत होता! आधी रिंग निघू दे, लाल आणि नारिंगी एकमेकांत जाम झालेत.

कास_सातारा: घट्ट आवळू नका, रिंग दबते आणि अजून बसते. भांडी घासायचे रबरी हातमोजे घाला आणि तळवा सपाट टेकवून फिरवा.