'मूड'ला काय म्हणायचं: भाव की वातावरण?

शिसपेन्सिल: जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिश (१७७४–१८४०) आणि पेन्सिलीतलं रोमँटिक निसर्गचित्र यावर लिहितोय. 'मूड'साठी 'भाव' लिहावं की 'वातावरण'? आणि चित्रात आपल्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या माणसाला काय म्हणतात?

कोराकागद: दोन्ही ठेवा, पण वेगवेगळ्या अर्थांनी. धुकं, लांबचा फिकट डोंगर, आभाळाचा उजेड हे वातावरण. ते काढता येतं. बघणाऱ्याच्या मनात उठतो तो भाव. फ्रीडरिशची बाहेर बसून केलेली रेखाटनं पाहा. एकेक झाड, खडक, फांदी अगदी नेमकी, बऱ्याचदा तारखेसकट. भाव त्यांत जवळपास नाहीच. तो नंतर ड्रेस्डेनच्या चित्रशाळेत, मांडणी करताना आला. ग्रायफ्सवाल्डजवळच्या एल्डेना मठाची पडकी भिंत त्याने १८०९-१० च्या चित्रात ओक वृक्षांच्या मधोमध नेऊन उभी केली. म्हणून 'कॉम्पोझिशन'ला इथे 'रचना'पेक्षा 'संयोजन' नेमका बसतो.

शिसपेन्सिल: पटलं. पेन्सिलीने धुकं काढायचा क्रम कसा सांगू?

कोराकागद: मागून पुढे. लांबचा डोंगर ४एच या कडक, फिकट पेन्सिलीने, हात हलका ठेवून. मधली झाडी मध्यम एचबीने. पुढचा खडक मऊ, गडद २बी ते ४बीने. डोंगराचा माथा स्पष्ट ठेवायचा, पायथा विरवत न्यायचा आणि त्याखाली कागद कोराच सोडायचा. बहुतेक जण आधी सगळं काढतात आणि मग खोडून धुकं आणायला जातात. ४एच दाबून चालवली की कागदावर चर पडतो, तो खोडरबराने जात नाही. बोटाने घासलं तर त्वचेचं तेल लागतं आणि धुक्याऐवजी मळ दिसतो. ६बीचे थरावर थर दिले की ग्रॅफाइट चकाकतं, मग सगळ्यात काळी जागाच तिरप्या उजेडात पांढुरकी दिसते.

क्षितिज: दुसऱ्या प्रश्नाला 'पाठमोरी आकृती'. जर्मन 'र्‍युकेनफिगूर'ला याहून चांगला शब्द शोधायची गरज नाही. तिचं काम क्षितिजरेषेवर ठरतं, तेही लिहा. आपण उभे आहोत त्याच सपाटीवर आपल्याच उंचीचा माणूस असेल, तर रेषा त्याच्या डोळ्यांतून जाते, तो कितीही लांब असो. त्याला कड्यावर चढवलं की रेषा छातीकडे, कमरेकडे उतरते आणि पुढे दरी आहे हे वेगळं दाखवावं लागत नाही. रेषा नेमकी डोक्याच्या वरच्या टोकाला टेकली, तर डोकं तिला टांगल्यासारखं दिसतं.

आणि शीर्षकात नुसतं 'रोमँटिक' नको, वाचक प्रेमी जोडपं शोधत बसेल! 'स्वच्छंदतावादी' जड आहे, तरी तोच घ्या.

कोराकागद: 'संयोजन'मध्ये वगळणंही येतं, हे राहिलं. 'समुद्रकाठचा साधू' या फ्रीडरिशच्या चित्राच्या अवरक्त (इन्फ्रारेड) तपासणीत रंगाखाली आखलेली जहाजं दिसली. पूर्ण झालेल्या चित्रात ती नाहीत.