प्रतिसाद: टीडीएस मीटरला क्रोमियम दिसत नाही
कुपवाडच्या जुन्या प्लेटिंग (धातूवर क्रोमचा मुलामा देणाऱ्या) शेडलगतच्या बोअरला 'टीडीएस ४२० आला, म्हणजे पाणी चांगलं' असं वर म्हटलंय. तसं नसतं हो. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज. टीडीएसची मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर, क्रोमियमची ०.०५, एवढंसं मीटरला कुठून कळणार? उकळल्यावर तर ते उलट दाट होतं.

शिसं बहुतेक काळ्या मातीला चिकटून वरच राहतं. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमवर (क्रोमियमचं जास्त विषारी रूप) ऋण भार असतो, त्यामुळे ते चिकणमातीत फारसं न अडकता बेसाल्टच्या भेगांत उतरतं, शेड कधीची बंद असली तरी.

नमुन्याआधी मोटर १५-२० मिनिटं चालवा. एकूण धातू तपासायच्या बाटलीत नायट्रिक आम्ल घालतात. हेक्झाव्हॅलंटच्या बाटलीत अजिबात नको, नाहीतर त्याचं रूप बदलून आकडा खोटाच कमी येतो. ती बाटली बर्फात ठेवून २४ तासांत लॅबला पोचवा.